उत्तर कोकणाचा उन्हाळा पाऱ्याच्या एका आकड्यात बसत नाही : हवामान विभाग आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
प्रमुख, प्रादेशिक हवामान केंद्र, कुलाबा, मुंबई;
राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, महाराष्ट्र;
तसेच पालघर, ठाणे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर येथील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता हवामान विभागाचा मार्च ते मे या तिमाहीचा अंदाज येतो आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा. देशाचा नकाशा रंगवलेला असतो, उष्णतेच्या लाटेचे दिवस कुठे जास्त असतील ते सांगितलेले असते. विदर्भ, मराठवाडा, गुजरात, ओडिशा यांची नावे ठळक येतात, आणि यायलाच हवीत. आमच्या वाट्याला ‘कोकण व गोवा’ या उपविभागाबद्दलचे एखादे वाक्य येते. डहाणूपासून अलिबागपर्यंतचा माणूस ते वाचतो, यंदा आपल्याकडे विशेष काही नाही असे समजतो आणि पान उलटतो. हा समज जीवघेणा आहे, म्हणून हे पत्र.

मी पालघर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पण तुमचे अंदाज मी नेमाने वाचते, ते मुलांना समजावून सांगते आणि ते कुणापर्यंत पोहोचतात, कुणापर्यंत पोहोचत नाहीत हे रोज पाहते.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस आपल्यापैकी कुणीच विसरू नये. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसे भर उन्हात तासन्‌तास बसून होती. १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. चंद्रपूरच्या माणसाला एप्रिलमधले ३८ अंश म्हणजे जरा बरा दिवस वाटेल. खारघर मात्र खाडीच्या काठावर आहे. तिथल्या हवेत ओल असते, घाम अंगावर साचून राहतो आणि पारा जेवढा सांगतो त्यापेक्षा कितीतरी जास्त शरीर सोसत असते.

किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा तुमचा निकष असा आहे : कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त हवे, ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वर हवे, उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर आणि सलग दोन दिवस तसे असायला हवे. मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. सांताक्रूझची एप्रिल-मेमधली सरासरी कमाल ३३ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ३६ अंशांचा, घामाच्या धारांचा, वारा पडलेला दिवस कितीही भयंकर असला तरी या निकषात बसत नाही. निकषात बसत नाही म्हणून लाट नाही, लाट नाही म्हणून महापालिकेची यंत्रणा हलत नाही, आणि मुकादम म्हणतो, ‘सरकारने कुठे काय सांगितलंय? चला, कामाला लागा.’

निकषात आर्द्रता येत नाही, हे माझ्या तक्रारीचे मूळ आहे. थर्मामीटरच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि घाम सुकून शरीर किती गार होऊ शकेल याचा तोच खरा अंदाज देतो. साधे गणित मांडून पाहा. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब सुमारे २३ अंश येते. वसईत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर ते सव्वीस-सत्तावीसही ओलांडते आणि २८ च्या वर जाते. ३६ अंश आणि ६० टक्के असेल तर २९ च्याही वर. निरोगी माणसालाही सोसणार नाही अशी सैद्धांतिक सीमा ३५ अंश मानली जाते, पण अलीकडे तरुण, धडधाकट माणसांवर झालेल्या प्रयोगांत हलके काम करतानाही ३१ च्या आसपासच शरीराचा तोल जायला लागला. म्हणजे वसईतल्या ज्या दिवसाला बातमीत जागा मिळत नाही, तो दिवस त्या ३१ पासून दोन-तीन अंशांवर उभा असतो. विदर्भाचे ऊन कमी धोक्याचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिथली कोरडी आग शरीरातले पाणी शोषून घेते आणि माणसे मारते. पण आमचा धोका निराळ्या वाटेने येतो आणि त्याला निराळे माप हवे.

तुम्ही काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘उष्ण व दमट हवामान’ असा इशारा आता जिल्हावार येतो. २०२३ पासून तुम्ही प्रायोगिक तत्त्वावर उष्णता निर्देशांकही, म्हणजे तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला जाणवणारी उष्णता, देऊ लागला आहात. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग लोकांना कळू लागले आहेत. पण हे सगळे चार-पाच दिवसांच्या इशाऱ्यात आहे. तीन महिन्यांच्या अंदाजात, ज्यावरून जिल्हाधिकारी, महापालिका आणि कंत्राटदार आपली तयारी ठरवतात, तिथे अजून कमाल आणि किमान तापमान आणि लाटेचे दिवस एवढेच असते.

पाचवी-सहावीच्या मुलांना मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. कोळ्यांच्या मुलांना हे पुस्तकाच्या आधीच ठाऊक असते. उत्तर कोकणाचा उन्हाळा या वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालतो. मार्चमध्ये अनेकदा पूर्वेकडून, सह्याद्री उतरून येणारा कोरडा वारा जोर धरतो. घाट उतरताना तो आणखी तापतो. एरवी सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला सुरू होणारा खारा वारा त्याच्यामुळे अडून राहतो, आणि दुपारी दोनपर्यंत तो आलाच नाही की पारा ३८, ३९, कधी ४० च्या पुढे जातो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ आणि १७ मार्च २०११ रोजी ४१.६ अंशांची नोंद झाली, ती मार्चमध्ये, मेमध्ये नव्हे. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच पारा ३८ च्या पुढे गेला आणि तुम्हाला कोकणासाठी लाटेचा इशारा द्यावा लागला. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती सवय झालेली नसते, म्हणून हे सुरुवातीचे दिवस जास्त घातक असतात. आणि नेमके याच दिवसांत पाणपोया सुरू झालेल्या नसतात, शाळांच्या वेळा बदललेल्या नसतात, कारण ‘उन्हाळा एप्रिलपासून’ असा सरकारी हिशेब आहे.

एप्रिल-मेमध्ये चित्र पालटते. खारा वारा लवकर सुटतो, कमाल तापमान उतरते, आकडे शांत दिसतात. पण तोवर अरबी समुद्राचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापलेले असते आणि त्यावरून येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. रात्रीचा पारा सत्तावीसच्या खाली यायला तयार नसतो. मला सगळ्यात जास्त काळजी या रात्रींची वाटते. दिवसभर तापलेले शरीर रात्री सावरते. रात्रच गार झाली नाही तर दुसरा दिवस आदल्या दिवसाचा थकवा घेऊन सुरू होतो, आणि असे पाच-सहा दिवस गेले की साठी ओलांडलेली, रक्तदाब असलेली माणसे कोलमडतात. आमच्या गावात खाडीच्या बाजूला पत्र्याच्या घरांची एक ओळ आहे. संध्याकाळी सात वाजताही तिथल्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. बायका रात्री अकरा-बारापर्यंत ओट्यावर बाळांना पदराने वारा घालत बसतात, डास आहेत म्हणून आत जातात, उकडते म्हणून पुन्हा बाहेर येतात. त्यात वीज गेली की पंखाही बंद. सकाळी त्याच बायका पाचला उठून बंदरावर जातात. त्यांच्या झोपेचा हिशेब कुठल्याही अंदाजात नाही. लाटेच्या निकषात किमान तापमानाला स्थानच नाही.

बंदरावरचे काम मी रोज पाहते म्हणून त्याबद्दल थोडे सांगते. बोंबलाची होडी लागली की मासळी सावलीची वाट पाहत नाही. बायका ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करतात आणि वलांडीच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवाच्या, दोरीवर एकेक जोडी टाकत जातात. हात वर करून, डोक्यावर पदर किंवा टॉवेल घेऊन, खालून वाळू तापलेली. शेकडो जोड्या झाल्याशिवाय काम थांबत नाही. बोंबील सुकायला ऊन आणि वारा दोन्ही लागतात, म्हणजे मासळीला चांगला दिवस तोच त्या बाईला वाईट. ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका’ हा सल्ला तिला देऊन काय उपयोग? तिला सांगायला हवे की उद्या खारा वारा उशिरा येणार आहे, तेव्हा सकाळी नऊच्या आत जमेल तेवढे उरका आणि बाकीची मासळी बर्फात ठेवा. मच्छीमार सोसायटीला सांगायला हवे की उद्या बर्फ जास्त लागेल. अशा भाषेत सांगितलेला अंदाज ती ऐकेल, कारण त्यात तिचे नुकसान वाचवण्याची वाटही असेल.

किनारा सोडून आत जा, म्हणजे एकाच उपविभागाचे एकच वाक्य किती अपुरे आहे ते कळते. २८ मार्च २०१७ रोजी रायगड जिल्ह्यात भिरा येथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातम्या झाल्या. भिरा अलिबागच्याच जिल्ह्यात आहे. कर्जत, मुरबाड, शहापूर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा सगळा सह्याद्रीच्या पायथ्याचा आणि कुशीतला पट्टा खाऱ्या वाऱ्याच्या आवाक्याबाहेर असतो. तिथे दुपार विदर्भासारखी तापते. तुमच्या जुन्या, भरवशाच्या वेधशाळा मात्र डहाणू, सांताक्रूझ, कुलाबा, अलिबाग अशा समुद्राला लागून आहेत. डहाणूच्या समुद्रकाठच्या पाऱ्यावरून मोखाड्याच्या पाड्याचा उन्हाळा कसा कळणार? त्याच मोखाड्यात आणि शहापुरात एप्रिल उजाडला की टँकर सुरू होतात. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि तिथल्याच पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात, हे दरवर्षी छापून येते आणि दरवर्षी तसेच राहते. पाणी कमी आणि उष्णता जास्त या दोन गोष्टी तिथे एकाच दुपारी एकाच बाईवर येतात. आरोग्य खाते आणि पाणीपुरवठा खाते त्यांचे आराखडे मात्र वेगवेगळे करतात.

वीटभट्ट्यांबद्दल स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. भिवंडी, वसई, पालघर, पनवेलच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात आणि पाऊस लागेपर्यंत तिथेच राहतात. उन्हापायी ती मध्यरात्रीनंतर उठून विटा पाडतात. म्हणजे आधीच उबदार असलेल्या रात्रीची झोपही कामात जाते, आणि दिवसा झोपायचे तर विटांच्याच चार भिंतींच्या, कागद टाकलेल्या खोपीत. पैसे हजार विटांमागे मिळतात, त्यामुळे विश्रांती घेतली की मजुरी बुडते. त्यात आता या पट्ट्यात बांधकामाची मोठी कामे आली आहेत : बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेले वाढवण बंदर. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार कोरड्या उष्णतेत वाढलेला असतो. इथली दमट हवा त्याला नवी असते, आणि आपल्याला होते आहे ते उष्माघाताचे लक्षण आहे हे त्याला कळत नाही. त्याला चक्कर येते, तो सावलीत बसतो, मग पुन्हा उठतो.

उन्हाळ्याचा अंदाज म्हणजे फक्त तापमान नव्हे, समुद्रही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून गेले आणि बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून जास्त माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते. अरबी समुद्र तापतो आहे आणि पावसाळ्यापूर्वीची वादळे आता अपवाद राहिलेली नाहीत. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याने मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि १९१८ चा विक्रम मोडला. त्या पंधरवड्यात मिठागरांत रचलेल्या मिठाच्या राशी, वाळत घातलेला सुका म्हावरा, भट्टीत न गेलेल्या कच्च्या विटा, झाडावरचा आंबा, सगळ्याची माती झाली. मेच्या शेवटच्या आठवड्यावर इथल्या गरिबाची वर्षाची कमाई टांगलेली असते. तुमचा दर गुरुवारचा दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज अशा वेळी सोन्याच्या मोलाचा असतो, पण मिठागरातल्या माणसापर्यंत तो मराठीत, त्याच्या तालुक्याच्या नावाने पोहोचत नाही. जिल्हा कृषी हवामान केंद्रे तालुका पातळीवरचा सल्ला द्यायची, त्यांचे काम २०२४ मध्ये थांबले. घोलवडचा चिकू बागायतदार आज फोनवरच्या कुठल्याशा खासगी ॲपवर ढग पाहतो आणि फवारणी ठरवतो.

म्हणून मागणी करते.

हवामान केंद्राने हंगामी अंदाजात उत्तर कोकणाचा वेगळा परिच्छेद द्यावा आणि त्यात किनारा आणि पायथा असे दोन भाग करावेत. कमाल तापमानाबरोबर उष्णता निर्देशांक किंवा वेट बल्ब यांची अपेक्षा आणि उबदार रात्रींची शक्यता सांगावी. ‘सरासरीपेक्षा जास्त असण्याची शक्यता ५५ टक्के’ असे लिहिता तेव्हा त्याचा अर्थही एका ओळीत लिहा, की एरवी ही शक्यता तेहतीस टक्क्यांच्या आसपास धरली जाते. लोक समजूतदार आहेत, सांगितले तर त्यांना कळते. रोजच्या अंदाजात खारा वारा साधारण किती वाजता सुटेल हे सांगावे. तुमचे अधिकारी पत्रकारांना हे कारण नेहमी देतात, पण नंतर, पारा चढून गेल्यावर. आधी सांगितले तर हजारो माणसांचे कामाचे तास बदलता येतील. आणि किनारपट्टीच्या लाटेच्या निकषात आर्द्रता आणि किमान तापमान यांना जागा द्यायचा विचार दिल्लीत मांडावा. तो निकष तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे मला माहीत आहे, पण कुलाब्याहून ठाम शब्दांत मागणी गेली तर तिला वजन येईल. कुलाब्याची वेधशाळा १८४१ पासून या हवेची नोंद ठेवते आहे. या किनाऱ्याबद्दल बोलायचा तिच्याइतका अधिकार कुणाचा आहे?

आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांकडे माझे मागणे जास्त कडक आहे. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात माणसे गमावली आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. त्यात दवाखाने, पाणी, इशारे, कामाचे तास या सगळ्यांची जबाबदारी नावानिशी ठरवली. आपल्याकडे खारघर झाले. त्यानंतर पालघर आणि रायगडच्या प्रत्येक नगरपालिकेकडे, प्रत्येक पंचायत समितीकडे असा आराखडा असायला हवा होता, आणि तो लाट जाहीर होण्याची वाट न पाहता ‘उष्ण व दमट’ इशाऱ्यावरच सुरू व्हायला हवा. मार्च ते जून या काळात उघड्या मैदानावरच्या मोठ्या सभांना, मग त्या राजकीय असोत की धार्मिक, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच परवानगी देऊ नका. मंडप, पाणी आणि वैद्यकीय पथक कागदावर दाखवून भागत नाही. लाख माणसांच्या गर्दीतून स्ट्रेचर बाहेर काढायलाच अर्धा तास जातो.

बंदर, रेल्वे आणि महामार्गाच्या कंत्राटात पिवळ्या इशाऱ्यापासूनच दुपारची सुट्टी सक्तीची करा आणि त्या वेळेची मजुरी कापू नये असे लेखी घाला. भट्ट्यांवर निदान पाणी, मिठाची-साखरेची पुडी आणि आशाताईंची आठवड्याची एक फेरी एवढे तरी व्हावे. रात्रीची वीज उन्हाळ्यात आरोग्याचा प्रश्न आहे असे मानून रात्री दहा ते सकाळी सहा देखभालीसाठी वीज बंद ठेवू नये. इशारे मराठीत आणि हिंदीत, आवाजी संदेशाने, मच्छीमार सोसायटीच्या, देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून, बाजाराच्या दिवशी द्या. पीडीएफ आमच्या मोबाइलवर येऊन पडते आणि तिथेच राहते.

आणखी एक. उन्हाळ्यात अचानक गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या कागदावर बहुतेकदा ‘हृदयविकार’ एवढेच येते. तो कुठे काम करत होता, किती वेळ उन्हात होता, त्या दिवशी रात्रीचा पारा किती होता हे कुणी विचारत नाही. खारघर कळले, कारण तिथे गर्दी होती आणि कॅमेरे होते. एकट्याने मेलेला गवंडी मोजला जात नाही. मार्च ते जूनमधल्या अशा मृत्यूंची तालुकावार तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांकडून करून घ्या आणि ते आकडे हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदींशेजारी ठेवा. उत्तर कोकणात नेमक्या किती अंशांना, किती आर्द्रतेला आणि कितव्या उबदार रात्रीनंतर माणसे मरू लागतात हे त्यातूनच कळेल, आणि मग इशारा कधी द्यायचा हे दुसऱ्या प्रदेशाच्या मापावरून ठरवावे लागणार नाही.

या पत्राचे उत्तर लेखी मिळावे ही विनंती. हंगामी अंदाजाच्या पुढच्या प्रसिद्धीआधी ते मिळाले तर आमच्या शाळेच्या पालकसभेत आणि मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मी ते वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
तालुका व जिल्हा पालघर